आधी गारवा, मग ॲक्सोलॉटल

ॲक्सोलॉटल मासा नव्हे; तो मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला उभयचर. त्याला 16 ते 18 अंश मानवतात. आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यात साध्या टाकीचे पाणी याच्या कितीतरी वर जाते. मग तो खाणे सोडतो, पोट बिघडते, कधी तो फुगून तरंगू लागतो. भक्ष्य पाण्यासकट ओढून घेण्याच्या सवयीने शोभेचे खडेही गिळतो आणि आतडे तुंबते. म्हणजे औषधाआधी टाकीच सुधारायला हवी. बर्फाच्या बाटल्यांनी भागते, असे हौशी सांगतात. पण त्याने तापमान सतत वर-खाली होते, तो ताण वेगळाच. पाणी थंड ठेवणारा चिलर झेपत नसेल तर हा प्राणी आणूच नये. हौसेवर बंधन कशाला, असे कुणी विचारेल. पण वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीतला हा प्राणी पाळायला 2022च्या वन्यजीव कायदादुरुस्तीनंतर नोंदणी लागतेच. विकणाऱ्याने निदान तेवढे तरी गिऱ्हाइकाला सांगावे.