गुडघ्याचे पोटाशी नाते

आपल्याकडे गुडघेदुखीची चर्चा लग्नाच्या पंगतीतही चालते; शौचाच्या तक्रारी मात्र माणूस डॉक्टरांपासूनसुद्धा लपवितो.

गेल्या वर्षी माझ्याकडे पन्नाशीच्या एक शिक्षिका आल्या. उजवा गुडघा टम्म सुजलेला. दुसरीकडून मिळालेल्या वेदनाशामक गोळ्या दोन महिने चालू. "पोट कसे आहे?" मी विचारले. बाईंनी मान खाली घातली. दिवसातून आठ वेळा शौच, त्यात रक्त! मोठ्या आतड्याला सूज व व्रण आणणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस त्यांना तीन वर्षांपासून होता. "पण गुडघ्याच्या डॉक्टरांना हे कसे सांगायचे?"

सांगायला हवे होते. या रोगात, तसेच १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या क्रोन रोगात, काहींचे सांधेही सुजतात. गुडघा-घोट्यासारखे मोजके मोठे सांधे धरले असतील, तर आतडे शांत झाल्यावर बहुधा तेही शांत होतात. हाताचे लहान सांधे धरणारा प्रकार मात्र आतड्याला जुमानीत नाही. शिवाय वेदनाशामक गोळ्यांनी काहींचे आतडे अधिकच भडकते.

मी सोनोग्राफी सांगितली तेव्हा बाई प्रथमच हसल्या. "या वयात, डॉक्टर?"

सांध्यासाठी पोटाच्या तपासणीपेक्षा अधिक कंपनसंख्येचा ध्वनी वापरतात. तो खोल जात नाही, पण बारकावे दाखवितो: सांध्यातले पाणी, जाड झालेले अस्तर. दाह चालू असेल तर डॉपलरमध्ये तेथे वाढलेल्या रक्तप्रवाहाचे रंगीत ठिपके दिसतात. हात मात्र हलका हवा. यंत्र दाबून धरले की ठिपके नाहीसे होतात. बाईंच्या गुडघ्यात ते भरपूर होते. पाणी काढून तपासले, जंतू नव्हते.

गोळ्या बंद केल्या, पोटाच्या डॉक्टरांनी आतड्याचा उपचार वाढविला. चार महिन्यांनी पोट शांत झाले, तरी जिना चढताना गुडघा दुखेच. आता आणखी कडक औषध घ्यावे लागणार, या धास्तीने बाईंची झोप उडाली. पुन्हा सोनोग्राफी केली. पाणी नाही, ठिपका नाही! दाह गेला होता. उरले होते ते वयाचे झिजणे. त्याला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम पुरला.

कमरेच्या खोल सांध्यांसाठी मात्र एमआरआयच लागतो. पण कोणतीही तपासणी ठरण्याआधी रुग्णाने बोलले पाहिजे. तेव्हा सांधे दाखवायला जाल त्या दिवशी पोटाचेही सांगा. डॉक्टरांपुढे कसली लाज?