खेळकर फुलांचा वास

भाषांतराच्या तासाला या वर्षी कवितेऐवजी जाहिरात घ्यावी म्हणून स्त्रियांसाठीच्या एका परफ्यूमचे वर्णन फळ्यावर लिहिले. ताजा, फुलांचा, ‘स्पोर्टी’ असा तो सुगंध. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावीही अशी बाटली आता सहज मिळते, त्यामुळे वस्तू कोणाला नवी नव्हती. गाडी अडली ती ‘स्पोर्टी’पाशी. बहुतेकांनी ‘खेळकर’ लिहिले. खेळकर तर स्वभाव असतो! एका मुलीने मात्र ‘न घामेजलेला’ असे लिहिले, आणि मूळ मजकूर तिनेच नीट वाचला, असे माझे मत आहे.

स्त्रियांसाठी खेळाचा परफ्यूम ही कल्पना तशी जुनीच. एस्टी लॉडरने १९७२ साली ‘अलियाज’ बाजारात आणला तो याच थाटात. पण ‘ताज्या फुलां’मागचे रसायन अधिक बोलके आहे. जाई-मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे द्रव्य असते. एकटे आणि दाट असेल तर त्याची घाण येते. पण त्या फुलांची धुंदी, त्यांचा जडपणा बराचसा त्याच्यामुळेच. उलट हेडिओन हे जाईच्या कुळातले हलके, हवेशीर द्रव्य. १९६६ सालच्या ‘ओ सोवाज’ या पुरुषांच्या परफ्यूमने ते गाजवले. अशा द्रव्यांच्या आधारे इंडोल टाळूनही फूल उभे करता येते. म्हणजे फुलाचेच अंग काढून घ्यायचे.

इथे मत्स्यगंधा आठवल्याशिवाय राहत नाही. आदिपर्वातील सत्यवती नाव चालवते, तिच्या अंगाला मासळीचा वास आहे, आणि तो कोळ्यांच्या सहवासामुळे आहे असेही तिथे म्हटले आहे. पराशराच्या वराने ती सुगंधी होते, योजनगंधा म्हणवली जाते. पुढे शंतनू तिच्यापर्यंत पोचतो तो त्या सुगंधाच्या मागाने. धंद्याचा वास गेल्यावरच राणीपदाची वाट उघडते. आपल्या कवितेनेही बाईला गजरा सढळ हाताने दिला, घाम मात्र हात राखून. वास्तविक मंगळागौरीला रात्रभर फुगडी-झिम्मा खेळून घामेजलेले अंग आणि चुरगळलेला गजरा यांचा मिळून येणारा वास हाच खरा मराठी ‘स्पोर्टी’ पुष्पगंध. त्याची बाटली कोणी भरली नाही. असो.

पाथर्डीत हे बोलणे निव्वळ रसिकतेचे राहत नाही. पाऊसकाळ सरला की तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडी भरणे तिच्याही वाट्याला असते. माझ्या वर्गातल्या काही मुली या घरांतल्या आहेत. व्यायामशाळेतला घाम आणि फडातला घाम घाम म्हणून एकच. पहिल्यासाठी बाटलीवर शब्द छापलेला आहे. दुसऱ्यासाठी आपल्या समीक्षेकडे ‘श्रमसंस्कृती’ हा शब्द आहे, पण त्याला कसलाच वास येत नाही.

म्हणून परफ्यूम लावूच नये, असे मी म्हणत नाही. एसटीच्या दाटीत उभ्याने प्रवास करून वर्गात येणाऱ्या मुलीला आपल्याकडे पाहून कोणी नाक मुरडू नये असे वाटते, तर ती चैन नव्हे. तिने बाटली जरूर घ्यावी. माझे भांडण त्या विशेषणाशी आहे, आणि तिलाही ते दिसले आहे, याचा मला आनंद वाटतो.

‘न घामेजलेला’ला मी पूर्ण गुण दिले. ‘खेळकर’वाल्यांचे म्हणणे, हे भाषांतर नव्हे, टीका आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.