'मुंबई स्पेशल' आणि अस्सलतेचे सोवळे

जुन्या यांत्रिक मनगटी घड्याळांच्या संग्राहकांत जगभर एक हेटाळणीचा शब्द रूढ आहे : 'मुंबई स्पेशल'. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, यंत्राचे भाग दोन-तीन घड्याळांतून जमवलेले, असे भारतातून विक्रीस आलेले जुने स्विस वा जपानी घड्याळ म्हणजे 'मुंबई स्पेशल'. त्याला शिवू नये, हा नवशिक्यांना मिळणारा पहिला उपदेश. आपल्याकडचे संग्राहकही आता हा शब्द त्याच तुच्छतेने उच्चारतात. आमचा आक्षेप आहे तो या तुच्छतेला.

फसवणुकीची वकिली आम्हांला करावयाची नाही. रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकणे ही लबाडीच. मात्र लबाडी रंगवण्यात नसून ते न सांगण्यात आहे, आणि हा भेद साहित्याच्या अभ्यासकांना तरी समजावून सांगावा लागू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तसे ग्रंथाच्या अखेरीस नोंदवूनही ठेवले. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती नाकारलेले पाठभेदही तळटीपांत जपते. या ग्रंथांना कोणी 'बनावट' म्हणत नाही.

स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. सुटा भाग मिळेना, तेव्हा कारागिराने तो दुसऱ्या बंद घड्याळातून काढला. दमट हवेने तबकडी डागाळली, तेव्हा ती रंगवून घेतली. गिऱ्हाइकाला अवशेष जपायचा नव्हता, त्याला गाडी गाठायची होती. संग्राहक ज्याला भ्रष्ट पाठ म्हणतात, त्याच्यामुळेच ते घड्याळ भंगारात गेले नाही.

'अस्पर्श' घड्याळाचे कौतुक तर आम्हांला अज्ञानाचेच लक्षण वाटते. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांचे यंत्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. काही वर्षांत त्यातले तेल घट्ट होते, सुकते. त्यानंतर धातू धातूवर घासू लागतो. तीस वर्षे कोणी न उघडलेले घड्याळ रोज चालत असेल, तर ते आतून झिजत आहे. ज्याला कोणाचाही हात लागलेला नाही, ते बहुधा बंदच पडलेले असते.

शिवाय हे सोवळे सर्वांना सारखे लागू नाही. उन्हाने तपकिरी झालेल्या काळ्या तबकडीला 'ट्रॉपिकल' म्हणून चढा भाव मिळतो. पॉल न्यूमनचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. गाडी जपून चालव, अशी सूचना त्याच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतली होती, आणि ती त्या घड्याळाची शोभा ठरली. आमच्या घड्याळजीने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेली दुरुस्तीची खूण आणि तारीख मात्र 'खराबी'! मालकाचे अक्षर इतिहास आणि कारागिराचे अक्षर मळ, हा न्याय कोणत्या समीक्षेतला?

या सोवळ्याचे खरे नुकसान एचएमटीच्या बाबतीत दिसते. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात या घड्याळांची निर्मिती सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता 'जनता' हा संग्राह्य माल झाला आहे आणि कारखान्याने कधी न काढलेल्या भडक रंगांच्या तबकड्या तिच्यावर चढत आहेत. येथे नाक मुरडून काय साधणार? हवी आहे ती वर्णनात्मक सूची : कोणत्या वर्षी कोणती तबकडी, कोणते अक्षर, कोणते काटे. ते काम कष्टाचे आणि बिनमानाचे, म्हणून शेरेबाजी पत्करली जाते की काय, असा आम्हांला संशय आहे.

तोवर विक्रेत्याने काय बदलले ते पावतीवर लिहावे. आणि घड्याळ साफ करून घेताना झाकणाच्या आतले ओरखडे पॉलिश करून पुसू नयेत, एवढे तरी संग्राहकांनी आपल्या कारागिराला बजावून सांगावे.