सुक्या बेसिलची बाटली
पास्त्याच्या निमित्ताने सुक्या बेसिलची बाटली आता अनेक मराठी घरांत दिसू लागली आहे. हे बेसिल म्हणजे वृंदावनातील तुळस नव्हे, तिची बहीण; हिच्याच बिया आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो. ताजी चिरलेली पाने एक मोठा चमचा लागत असतील, तर सुकी एक लहान चमचा पुरतात. ती तळहातावर चुरडून, पदार्थ शिजत असतानाच घालावीत. ताजी मात्र गॅस बंद करताना.

उकळत्या पातेल्यावर बाटली उपडी करून झटकण्याची सवय वाईट. वाफ आत शिरते, पानांचे गठ्ठे होतात, बुरशी धरते. अशी बाटली सरळ टाकून द्यावी. घरात दमेकरी असेल तर हुंगूनही पाहू नये. एरवी घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात पाने वर्षभर सहज टिकतात.

मला खरी धास्ती वाटते ती ताजी पाने तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची. मातीतील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवेविना, ओलाव्यात वाढतो आणि विष निर्माण करतो. त्याचा वास येईलच असे नाही. एकाचे दोन दिसणे, पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. ‘लोणचेही तेलातच असते ना?’ असे विचारले जाते. लोणच्याला कैरीचा आंबटपणा आणि मीठ राखते, नुसते तेल नव्हे. बेसिलचे तेल थोडेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.