वाया जाण्यासाठीच घ्यावयाचे औषध

गेल्या फाल्गुनात शिरगावच्या शिवारात गवत कापणाऱ्या एका मजुराला गांधीलमाशी चावली. माशी एकच, डंखही एकच. पाच-सात मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत्यांनी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये ताठ बसवून एका दवाखान्यात नेले. तेथे शिरस्त्याप्रमाणे अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइडची इंजेक्शने देण्यात आली. ज्या औषधाची त्या घटकेला खरी गरज होती ते तेथे नव्हते. पुढच्या रुग्णालयात ते मिळाले व माणूस बचावला. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा दावा नाही. परंतु काही रुपयांत मिळणारी वस्तू गरजेच्या जागी का नसते, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

ते औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेव्हा ते नवे नाही, दुर्मीळ तर नाहीच. तीव्र अ‍ॅलर्जीत, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि श्वासाचा मार्ग आवळला जातो. अ‍ॅड्रेनॅलिन या सर्वांना एकाच वेळी आवर घालते. अ‍ॅव्हिलने खाज थांबते. स्टेरॉइडचा परिणाम दिसू लागण्यास काही तास जातात. आणि येथे वेळ तासांची नसते. ब्रिटनमधील अशा मृत्यूंचा जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात कीटकदंशापासून श्वास वा हृदय बंद पडेपर्यंतच्या काळाचा मध्यक १५ मिनिटे निघाला. (मध्यक, सरासरी नव्हे, विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. निम्मे लोक त्याहूनही लवकर कोसळले.) प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, एवढाच हा उपचार. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावे लागतात; ताठ बसवणे वा उभे करणे त्याच्या जिवावर बेतू शकते. आमच्या मजुराचे सोबती नेमके तेच करीत होते, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मावळात हा प्रश्न केवळ गवत कापणाऱ्यांचा नाही. लोहगड-विसापूरचे कडे, कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांचे कातळ ही आग्या मोहोळांची जुनी वसतिस्थाने. धूर, उग्र अत्तर, एखादा भिरकावलेला दगड यांनी ती उठतात. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. अभिमानाची गोष्ट खरी, पण तिच्याबरोबर गर्दी वाढणार हेही उघड आहे. शेकडो डंखांनी होणारी विषबाधा निराळी आणि एका डंखाने येणारी अ‍ॅलर्जी निराळी. तथापि माश्या उठलेल्या गर्दीत दुसऱ्या प्रकारचा एखादा माणूस असतोच. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक जखमींना खांद्यावरून खाली आणतात. स्ट्रेचर गडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ती १५ मिनिटे केव्हाच उलटून जातात.

२०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असावा असे ठरले. ही व्यवस्था चांगली आहे. पण डॉक्टर गाडीत, गाडी रस्त्यावर आणि रुग्ण कड्यावर, अशा वेळी तिचा उपयोग मर्यादितच राहणार.

आता एक विसंगती पाहावी. २०२१ साली कोविडची लस घेतल्यावर आपण सर्वजण अर्धा तास बाकावर बसून होतो. तो अर्धा तास याच प्रतिक्रियेच्या भीतीपोटी होता आणि शेजारच्या पेटीत हीच कुपी होती. लसीकरणाच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार, लसीनंतर अशी प्रतिक्रिया आल्याचा संशय येताच उपकेंद्रातील एएनएम, आपल्या गावच्या सिस्टर, अ‍ॅड्रेनॅलिनचा एक डोस डॉक्टर येण्यापूर्वीच देऊ शकतात. ती मुभा लसीकरणापुरती आहे. लस टोचल्यानंतर जो हात विश्वासार्ह ठरतो, तो माशी चावल्यानंतर अविश्वसनीय कसा होतो?

अमेरिकेत ही अडचण उलट्या दिशेने आली. तेथे आपोआप टोचणाऱ्या सुईची दोन नगांची पेटी २००७ च्या सुमारास शंभर डॉलरला मिळे. २०१६ साली ती सहाशेंच्या वर गेली. वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्याने मग आपल्या रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना साध्या सिरिंजने औषध भरून देण्यास शिकवले आणि ते काम त्यांना नीट जमले. आपल्याकडे कुपी इतकी स्वस्त की तिची भलामण करण्यात कोणाचाही नफा नाही. शिवाय तिची मुदत संपते. दहा कुप्या घेतल्या तर कदाचित नऊ फेकाव्या लागतील आणि लेखापरीक्षक त्या नऊंचा हिशेब विचारील. वस्तुतः त्या नऊ कुप्या हा विम्याचा हप्ता होय. घर जळाले नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही.

धोका नाही असे नाही. हेच औषध चुकून शिरेत गेले वा जास्त दिले गेले तर हृदयाला अपाय होतो. म्हणून स्वयंसेवकांच्या हाती ते लगेच सोपवावे असे मी म्हणणार नाही. आधी प्रशिक्षण, आणि देताना फोनवर १०८ चा डॉक्टर, ही अट हवी. कायद्याचे संरक्षणही हवे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्याला अभय दिले, पण ते मोटार अपघातापुरते. द्रुतगती मार्गावर मदत करणारा सुरक्षित आणि गडावरचा मात्र उघडा, अशी ही स्थिती आहे. सह्याद्रीच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरून दाखवले आणि ते ज्ञान ग्रामीण डॉक्टरांपर्यंत नेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यापूर्वीच कोकणातील कितीतरी घरांनी त्याचे फळ चाखले होते.

या कामास नवे पद नको, नवी इमारत नको. सूचनांमधील ‘लसीकरणानंतर’ या शब्दापुढे ‘अथवा कीटकदंशानंतर’ एवढी भर घालणारे परिपत्रक, उपकेंद्रात लसीकरणाचा वार नसतानाही उघडता येईल अशी पेटी आणि मुदत संपलेल्या कुप्यांवर आक्षेप न घेण्याची लेखी सूचना, एवढे पुढच्या फाल्गुनाआधी व्हावे. शिरगावचा तो मजूर तेव्हा पुन्हा त्याच शिवारात गवत कापीत असेल.