मीटर आजोबांच्या नावावर, लोड नातवांचा

ईद झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात कूलर माळ्यावरून खाली येतात. धूळ झटकायची, गवत बदलायचं, मोटरीला तेल सोडायचं आणि खिडकीत बसवायचं. त्यानंतर महिन्याभरात मराठवाड्यातल्या कुठल्या तरी गावातून ती बातमी येतेच: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. बहुतेक वेळा घरातली बाई, नाहीतर लहान मूल. आपण "इन्ना लिल्लाहि" म्हणतो, दफनविधीला जातो आणि परत येऊन आपल्या कूलरचं बटण दाबतो.

या बातमीत दोष कूलरचा धरला जातो. आम्हाला तो घराचा वाटतो. घराचा म्हणजे नुसत्या भिंतीतल्या तारेचा नाही, त्या घराच्या मालकीचासुद्धा.

जुनं घर म्हणजे कसं, ते परंडा, नळदुर्ग, कळंब किंवा धाराशिव शहरात ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या दर्ग्याजवळच्या कुठल्याही जुन्या गल्लीत बघा. पुढं दगड-मातीचा भाग, वर माळवद. मागं वाढवलेल्या दोन खोल्या, त्यावर पत्रे. एका बाजूला थोरल्याचा संसार, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा, मधला पुण्यात. अम्मी मधल्या खोलीत. मीटर एकच, आणि त्यावर नाव वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं. त्यांच्या वेळी लाकडी पट्टीवर जी तार ठोकली, तिच्यातूनच पुढचे सगळे फाटे निघाले. मुलाचं लग्न झालं की एक फाटा, नातवाला खोली दिली की दुसरा. जोडावर काळी पट्टी गुंडाळलेली, ती सुद्धा उन्हानं सुटलेली.

त्या वेळची तार एक-अठरा नाहीतर तीन-बावीस नंबरची, म्हणजे साधारण एक चौरस मिलिमीटर. चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ एवढ्यापुरती ती ठीक होती. आज त्याच घरात दोन हजार वॅटचा गिझर आहे, हजार वॅटची इस्त्री आहे, फ्रिज, पाण्याची मोटर, दोन कूलर, आणि धाकट्यानं मागच्या वर्षी हप्त्यावर घेतलेला दीड टनाचा एसी. एकटा गिझर पावणेनऊ अँपियर ओढतो. इतकं ओझं तासन् तास वाहिलं की तार आतून तापते, वरचं रबर कडक होऊन झडतं, आणि मग माळवदाच्या वाळलेल्या लाकडाशी नुसती धातूची तार उरते. फ्यूज उडायला हवा, पण किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी कुणी तरी जाड तांब्याचे दोन पदर घातलेले असतात, कारण "सारखा उडत होता". तो सारखा उडत होता म्हणजे त्याचं काम करत होता!

आता कूलरकडं येऊ. लोखंडी कूलरच्या आत मोटरीची तार सोलली आणि पत्र्याला टेकली, तर करंट पत्र्यात येतो. घरात अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो आणि जाताना एमसीबी पाडतो. नसेल तर तो वाट बघत बसतो, ओल्या हाताची आणि ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायाची.

अर्थिंग आहे का असं विचारलं की मिस्त्री होल्डरला शंभर वॅटचा बल्ब लावून एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला लावून दाखवतो. बल्ब लख्ख पेटतो. घरातले खूश. पण हा बल्ब अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी करंटवर पेटतो. खड्ड्याचा रोध पन्नास ओहम असला, म्हणजे अर्थिंग अगदीच निकामी असलं, तरी तो पेटणारच. त्याच अर्थिंगवर कूलरच्या पत्र्यात फेज आला तर जमिनीत जेमतेम साडेचार अँपियर जातील. सोळा अँपियरची एमसीबी त्यावर हलणारसुद्धा नाही. पत्रा तसाच जिवंत राहील. बल्बची परीक्षा पास झालेल्या घरातही माणसं जातात ती अशी.

शिवाय आपल्याकडं अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो. काळी माती भेगाळते, मुरूम तर पाणी धरतच नाही. मीठ-कोळसा घालून अडीच मीटरचा पाइप नीट पुरला असला तरी त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं पिण्याच्या हंड्यातलं पाणी खड्ड्यात कोण ओतणार? म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमकं त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर. म्हणून नुसत्या अर्थिंगच्या भरवशावर राहू नका, असं आमचं म्हणणं आहे. मीटरनंतर तीस मिलिअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. जाणारा आणि परत येणारा करंट यांत एवढासा फरक पडला, म्हणजे तो कुठं तरी भलत्या वाटेनं जमिनीत जातोय असं दिसलं, की ती क्षणात लाइन तोडते. घरापुरती ती दीड ते तीन हजार रुपयांत मिळते. तिच्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाइन गेली नाही तर ती शोभेची झाली समजा.

जुन्या घरात आरसीसीबी बसवली की ती पडतच राहते, अशी तक्रार येते. मग मिस्त्री ती काढून ठेवतो किंवा बाजूनं तार नेतो. खरं तर ती पडते तेव्हा ती सांगत असते की वायरिंग कुठं तरी गळतंय. एक एक फाटा बंद करून तो शोधायचा असतो. वेळखाऊ काम आहे, पण ते मिस्त्रीचंच काम आहे, आणि त्याचे पैसे द्यायला हवेत.

वीज कंपनीला शिव्या घालून इथं काही निघत नाही. तार तुटली, डीपी जळाली, खांबात करंट आला, तर ती महावितरणची जबाबदारी. त्यासाठी १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. मीटरच्या पुढचं सगळं मात्र आपलं. विजेनं माणूस दगावला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होते, आणि दोष घरातल्या वायरिंगचा निघाला तर भरपाई कुणाकडं मागणार?

नियम तर आहेच. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणं कुणीही करू शकतं. पण नवा फाटा काढणं, लोड वाढेल असं काही करणं, अख्खं वायरिंग बदलणं, हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. आपल्याकडं हा नियम नवीन मीटर घेताना चाचणी अहवालाच्या कागदावर सही-शिक्का मिळवण्यापुरता आठवतो. सही एकाची, काम दुसऱ्याचं.

हे सगळं कुणाला माहीत नाही असं नाही. आपल्याच मोहल्ल्यातली कितीतरी पोरं वायरमन आहेत, कुणी आयटीआयला दोन वर्षं तारतंत्री नाहीतर वीजतंत्रीचा ट्रेड केलेली, कुणी उस्तादाच्या हाताखाली शिकलेली. त्यांना विचारा, जुनं वायरिंग बदला असं सांगितल्यावर घरातून काय उत्तर येतं. "वाटणी झाल्यावर बघू."

सगळं इथं अडतं. शरीयतप्रमाणे माणूस गेला की कर्ज-वसियत भागवून उरलेल्यात वारसांचे हिस्से ठरलेलेच असतात, मुलांचे, मुलींचे, पत्नीचे. पण प्रत्यक्षात वाटणी वीस-वीस वर्षं होत नाही. मग थोरला म्हणतो, मी पन्नास हजार घालू आणि उद्या हा भाग धाकट्याकडं गेला तर? पुण्याचा म्हणतो, मी तिथं राहतच नाही. बहिणींना तर कुणी विचारतच नाही. हिस्सा द्यायच्या वेळी त्या आठवत नाहीत आणि खर्चाच्या वेळीही नाहीत. एसी मात्र प्रत्येक जण स्वतःच्या खोलीत स्वतःच्या पैशानं लावतो, कारण तो काढून नेता येतो. तार काढून नेता येत नाही. ज्यात सगळ्यांचा जीव आहे तेवढ्यावरच कुणी खर्च करत नाही, आणि त्या घरात दिवसभर असते ती अम्मी आणि सुना-नातवंडं.

यावर वाटणीपर्यंत थांबायची गरज नाही. वायरिंगचा खर्च सामाईक घराचा खर्च म्हणून लिहून ठेवता येतो: कुणी किती दिले, कोणत्या तारखेला, खाली सगळ्या वारसांच्या सह्या, बहिणींच्याही. वाटणीच्या दिवशी तो हिशोबात धरायचा. कसा धरायचा ते एखाद्या जाणत्या आलिमला आणि वकिलाला, दोघांनाही विचारून आधीच ठरवून घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सूरह बकरामध्ये सांगितलं आहे, ते भावाभावांतल्या व्यवहाराला लागू नाही असं आम्हाला तरी कुठं दिसलं नाही. भाऊ आहे म्हणून लिहायला लाज वाटते, आणि पुढं भाऊ आहे म्हणूनच बोलणं बंद होतं.

मीटरचा प्रश्नही याच बैठकीत निघावा. मयताच्या नावावरचं मीटर वारसांच्या संमतीनं बदलून घ्या आणि बिलावर छापलेला मंजूर भार प्रत्यक्षाशी ताडून बघा. तीन संसार एका मीटरवर असले की युनिट शंभराच्या, मग तीनशेच्या वर जातात आणि वरचा दर लागतो. स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार असेल तर वेगळ्या मीटरसाठी अर्ज करता येतो. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक संसाराची लाइन मीटरपासून वेगळी काढून तिला वेगळी एमसीबी द्या.

मिस्त्री बोलावताना आपण एकच प्रश्न विचारतो, "पॉइंटला किती?" पॉइंटचा दर पाडला की तो तार बारीक वापरणार, अर्थिंगची हिरवी तार गाळणार, नाहीतर सॉकेटमध्येच अर्थिंग आणि न्यूट्रल जोडून देणार. हे शेवटचं फार धोक्याचं आहे, न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत करंट येतो. त्यापेक्षा विचारा, तुमच्याकडं मेगर आहे का? नुसत्या टेस्टरवर अख्ख्या घराचं वायरिंग तपासता येत नाही. दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटरची आयएसआय तांब्याची तार, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग, हे अंदाजपत्रकात लिहून मागा. माल स्वतः दुकानातून घ्या, बिल ठेवा. आणि ओळखीचा पोरगा आहे म्हणून त्याची मजुरी दोन महिने लटकवू नका. बिरादरीतल्या चांगल्या कारागिरांनी बिरादरीची कामं घेणं का सोडलं, याचं उत्तर बरेचदा या उधारीत असतं.

जुनं घर म्हणजे फक्त माळवदाचं, असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात जी पुनर्वसनाची गावं बसली, ती अजून आपल्या बोलण्यात "नवी गावं" आहेत. अडीचशे, साडेचारशे चौरस फुटांची ती घरं आता तिशीच्या घरात आली, आणि त्यांचं मूळ वायरिंगही. दुसरीकडं सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परंड्यात घराघरांत पाणी शिरलं. गाळ काढला, रंग दिला, आयुष्य पुढं सुरू झालं. पण पाण्यात बुडालेले बोर्ड आणि भिंतीतले पाइप उघडून किती घरांनी बघितले? गाळ बसलेला सॉकेट वरून कोरडा दिसतो. ज्या घरांत पाणी शिरलं होतं तिथं यंदा कूलर लावण्याआधी मेगर लावून घ्यावा.

आणि मशिदींचं काय? आपल्या कित्येक जुन्या मशिदींत गेल्या काही वर्षांत एसी आले, वजूखान्याला गिझर आले, रमजानात रोषणाई. कुणी एसी दिला की देणाऱ्याचं नाव जुम्याला जाहीर होतं. तारेसाठी पैसे दिल्याचं जाहीर झालेलं आम्ही अजून ऐकलेलं नाही. वजूखाना म्हणजे तर ओले पाय, लोखंडी नळ आणि शेजारी गिझर. मुतवल्ली साहेबांनी येत्या जुम्याआधी मीटरच्या पेटीचं झाकण उघडून आत आरसीसीबी आहे का, एवढं बघावं.