गाडी हौसेची, जागा सर्वांची

वर्तकनगरहून उपवन तलावाकडे आणि तेथून येऊरच्या चढाला लागले की काही मिनिटांतच शहर मागे पडते आणि वनखात्याची हद्द सुरू होते. उंच इमारती आणि बिबट्याचे जंगल यांत इतके थोडे अंतर असलेली शहरे फार नाहीत. त्यामुळे गाडी घेऊन रानात मुक्कामाला जाण्याची हौस ठाणेकरांत वाढावी, यात आश्चर्य नाही. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये बाजारात आली. तेव्हापासून केवळ मालवाहू समजला जाणारा पिकअप सुखवस्तू कुटुंबांनाही खुणावू लागला. हौद्यावर छत, टपावर तंबू, पुढे लोखंडी गार्ड आणि सुटीत मोकळ्यावर मुक्काम, असे हे स्वप्न. मात्र ते दोन कायद्यांच्या कात्रीत सापडले आहे.

पहिला कायदा गाडीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे मांडला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. या कठोरपणामागे कारण आहे. टपावर वजन चढले की गाडीचा तोल बदलतो, आणि पुढचा गार्ड पादचाऱ्याचा जीव घेऊ शकतो. परंतु त्याच दुरुस्तीने, फेरफारांसाठी निकष आणि अटी ठरविण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली, हे विसरले जाते. उतरवता येणारा तंबू हे सामान की फेरफार, याचे सोपे उत्तर सामान्य मालकाच्या हाती आजही नाही. ते बहुधा रस्त्यावर, पोलीस हवालदाराच्या मर्जीनुसार मिळते.

दुसरा कायदा जागेचा. 'सरकारी जागा म्हणजे कोणाचीच नव्हे' हा आपला जुना समज. प्रत्यक्षात राखीव जंगलाला १९२७ चा वन कायदा आणि राष्ट्रीय उद्यानाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. उद्यानात परवान्याविना प्रवेश नाही आणि जंगल धोक्यात येईल अशी आग पेटविणे हा गुन्हा आहे. संजय गांधी उद्यानाभोवतीचे पर्यावरणीय संवेदनक्षेत्रही डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले. तरीही येऊरमधील रात्रीच्या पार्ट्या आणि कर्णे हा वर्षानुवर्षांचा तक्रारीचा विषय आहे. त्याचा त्रास पाटोणापाडा, जांभूळपाडा येथील आदिवासी कुटुंबांना होतो. शहरातील पाहुणा सकाळी निघून जातो, बाटल्या आणि राख त्यांच्या अंगणाशी उरते.

येथे हटकून अमेरिकेचा दाखला दिला जातो. तेथील भू-व्यवस्थापन विभागाकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर सार्वजनिक जमीन असून तिच्या बऱ्याच भागात २८ दिवसांपैकी १४ दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो. पण ती जमीन बहुतांशी विरळ वस्तीची आहे, आपल्याकडे रानात माणसे राहतात. अधिक जवळचा धडा स्कॉटलंडचा. तेथे २००३ च्या कायद्याने दुसऱ्याच्या जमिनीवरूनही हिंडण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला, मात्र मोटारवाहनाला त्यातून वगळले. मोकळीक माणसाला दिली, चाकांना नव्हे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, हे स्वागतार्हच. मात्र त्याचा भर व्यावसायिक कॅराव्हॅन आणि त्यांच्यासाठीच्या वाहनतळांवर आहे. स्वतःची गाडी घेऊन दोन रात्रींसाठी निघालेले वर्तकनगरचे कुटुंब त्यात कुठेच नाही. नियम पाळू इच्छिणाऱ्याला जागाच दाखविली नाही, तर तो धरणाच्या काठी किंवा चोरवाटेने जंगलात शिरणार. मग अपघात झाला की सरसकट बंदी, आणि बंदी सैल पडली की पुन्हा तेच.

यावरचा उपाय खर्चिक नाही. माळशेज, भंडारदरा यांसारख्या परिसरांत वनखाते, जलसंपदा आणि पर्यटन महामंडळ यांनी मिळून, संवेदनक्षेत्र टाळून, मोजक्या जागा आखाव्यात. गाड्यांची संख्या ठरवावी, पाणी आणि शौचालय द्यावे, शुल्क घ्यावे आणि देखरेख स्थानिक ग्रामसभेकडे सोपवून उत्पन्नातील वाटाही तिलाच द्यावा. गाडीतील अनुज्ञेय बदलांची यादी परिवहन खात्याने मराठीत प्रसिद्ध करावी. आणि येऊरला मात्र हात लावू नये. शहराच्या इतके जवळ असलेले जंगल, तेथे रात्री कोणी जात नाही म्हणूनच टिकते. हौशी प्रवाशाला दूरवरची हक्काची जागा मिळाली, तरच जवळच्या जागेवरील बंदीला नैतिक बळ येईल.